सार्थ अंक

सार्थ अंक (अन्य नावे: सार्थक अंक, अर्थपूर्ण अंक) म्हणजे मापनाच्या नोंदीतील असे अंक, ज्यांना प्रत्यक्ष मापनाचा आधार असतो. खात्रीने माहीत असलेले सर्व अंक आणि त्यांच्या उजवीकडील पहिला अनिश्चित अंक मिळून सार्थ अंक होतात. एखाद्या बाकाची लांबी १२१.४ सेंमी अशी नोंदवली असेल, तर १, २ आणि १ हे अंक खात्रीचे असून ४ हा शेवटचा अंक थोडा मागेपुढे होऊ शकतो. म्हणून या नोंदीत चार सार्थ अंक आहेत.

मोजून मिळालेली संख्या आणि ती किती विश्वासार्ह आहे याची माहिती या दोन्ही गोष्टी एकाच नोंदीतून सांगता याव्यात, हा या पद्धतीचा हेतू आहे. महाराष्ट्रातील शालेय अभ्यासक्रमात मापनाची ओळख माध्यमिक स्तरापूर्वीच होते व सार्थ अंकांचे नियम अकरावीच्या भौतिकशास्त्रात आणि रसायनशास्त्रात शिकवले जातात. या लेखातील बरीचशी उदाहरणे बुलढाणा जिल्ह्यातील आहेत. तेथील लोणार विवराचा व्यास, वय, स्थान आणि सरोवराच्या पाण्याचा सामू यांच्या प्रसिद्ध आकड्यांमधून या विषयाच्या जवळजवळ सर्व बाजू स्पष्ट होतात.

## संज्ञा

मापनाच्या संदर्भात पुढील संज्ञा वेगवेगळ्या अर्थांनी वापरल्या जातात. बोलीभाषेत त्यांची सरमिसळ होत असल्याने त्यांतील फरक आधी लक्षात घेणे आवश्यक असते.

* अचूकता – मोजलेली किंमत खऱ्या किमतीच्या किती जवळ आहे, ते अचूकतेवरून समजते.
* परिशुद्धता – तेच मापन पुनःपुन्हा केल्यास मिळणाऱ्या किमती एकमेकींच्या किती जवळ असतात, ते परिशुद्धतेवरून समजते.
* लघुतम माप – उपकरणाने थेट वाचता येणारे सर्वांत लहान माप. शाळेतील मीटरपट्टीचे लघुतम माप साधारणतः ०.१ सेंमी, व्हर्निअर कॅलिपरचे ०.०१ सेंमी आणि स्क्रू गेजचे ०.०१ मिमी (०.००१ सेंमी) असते.
* अनिश्चितता – खरी किंमत ज्या मर्यादांमध्ये असण्याची वाजवी अपेक्षा असते, तिचा विस्तार. ती सामान्यतः ± या चिन्हाने लिहितात.

परिशुद्ध मापन अचूक असेलच असे नाही. ज्या तराजूचा काटा रिकाम्या पारड्यालाही पाच ग्रॅम दाखवतो, तो प्रत्येक वेळी तेच वजन दाखवील, पण प्रत्येक वेळी पाच ग्रॅमने चुकेल. अशा चुकीला पद्धतशीर त्रुटी म्हणतात. वाचनांची संख्या वाढवून ती कमी होत नाही. याउलट, वाचनागणिक कमीअधिक होणारी यादृच्छिक त्रुटी अनेक वाचनांची सरासरी घेतल्याने कमी होते. सार्थ अंकांची संख्या प्रामुख्याने परिशुद्धतेविषयी सांगते. पद्धतशीर त्रुटी तिच्यातून कळत नाही.

## सार्थ अंक ओळखण्याचे नियम

1. शून्येतर सर्व अंक सार्थ असतात. उदा., २६८ मध्ये तीन सार्थ अंक आहेत.
2. दोन शून्येतर अंकांमधील शून्ये सार्थ असतात. उदा., ३.०७ मध्ये तीन सार्थ अंक आहेत.
3. पहिल्या शून्येतर अंकाच्या डावीकडील शून्ये सार्थ नसतात. ती केवळ दशांश चिन्हाची जागा दाखवतात. उदा., ०.००५२ मध्ये दोनच सार्थ अंक आहेत. एकक बदलले की ही शून्ये नाहीशी होतात : ०.००५२ मीटर म्हणजेच ५.२ मिमी.
4. दशांश चिन्हानंतर शेवटी येणारी शून्ये सार्थ असतात. उदा., २.५० मध्ये तीन सार्थ अंक आहेत. २.५ सेंमी व २.५० सेंमी या नोंदी समान नाहीत. दुसऱ्या नोंदीतील शून्य हे मोजून मिळालेले शून्य आहे.
5. दशांश चिन्ह नसलेल्या संख्येच्या शेवटी येणारी शून्ये संदिग्ध असतात. ५२,००० या संख्येत दोन, तीन, चार किंवा पाच सार्थ अंक असू शकतात. केवळ लेखनावरून ते ठरत नाही. अन्य माहिती नसल्यास पाठ्यपुस्तके सामान्यतः अशी शून्ये सार्थ धरत नाहीत.

पाचव्या नियमातील संदिग्धता टाळण्यासाठी संख्या प्रमाण रूपात लिहितात. पुढील लेखनात ^ ही खूण घातांकासाठी वापरली आहे. ५.२ × १०^४ म्हणजे दोन सार्थ अंक आणि ५.२०० × १०^४ म्हणजे चार सार्थ अंक. मराठीतील हजार, लाख व कोटी या शब्दांनीही हेच साधता येते. '२६ लाख' असे म्हणणारा दोन अंकांचीच हमी देतो, '२५.८६ लाख' असे म्हणणारा चार अंकांची. '२६,००,०००' असे लिहिले, की ही माहिती पुसली जाते.

### नेमक्या संख्या

मोजदादीतून किंवा व्याख्येतून येणाऱ्या काही संख्या नेमक्या असतात आणि त्यांना सार्थ अंकांचे बंधन नसते. वर्गातील ४२ विद्यार्थी, वर्तुळाच्या व्यास = २ × त्रिज्या या सूत्रातील २, किंवा १ इंच = २.५४ सेंमी हे रूपांतर ही अशी उदाहरणे होत. निर्वात पोकळीतील प्रकाशाचा वेग सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर आहे. मीटरची व्याख्याच या वेगावरून केलेली असल्याने ही संख्याही नेमकी आहे.

रूपांतराचा गुणक नेमका असला, तरी मूळ मोजमापाची परिशुद्धता त्यामुळे वाढत नाही. जुना तोळा १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६३८०३८ ग्रॅमचा होता. चांदीच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असलेल्या खामगाव शहरातील एखाद्या जुन्या वहीत 'चांदी ५.५ तोळे' अशी नोंद असेल, तर तिचे ६४.१५०९२०९ ग्रॅम हे रूपांतर दिशाभूल करणारे ठरेल. ६४ ग्रॅम एवढेच म्हणता येते. शिवाय आजच्या व्यवहारात तोळा म्हणजे १० ग्रॅम असे अनेकदा धरले जाते. त्यामुळे रूपांतर करण्यापूर्वी एकक कोणत्या अर्थाने वापरले आहे, हे तपासावे लागते.

## पूर्णांकन

अनावश्यक अंक वगळताना पहिला वगळला जाणारा अंक ५ पेक्षा लहान असल्यास आधीचा अंक तसाच ठेवतात आणि ५ पेक्षा मोठा असल्यास तो एकाने वाढवतात. वगळला जाणारा भाग नेमका ५ असल्यास विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत पुढील संकेत पाळतात : आधीचा अंक सम असेल तर तो तसाच ठेवावा, विषम असेल तर एकाने वाढवावा. त्यानुसार २.७४५ चे २.७४ आणि २.७३५ चेही २.७४ होते. गणिताच्या शालेय पुस्तकांत आणि संगणकीय तक्त्यांत मात्र ५ आल्यास नेहमी वाढवण्याची रीत आढळते. नेहमी वाढवल्यास मोठ्या बेरजांमध्ये उत्तर किंचित वरच्या बाजूला सरकते. सम–विषम संकेताने हा कल टळतो.

पूर्णांकन अंतिम उत्तरातच करावे. मधल्या पायऱ्यांमध्ये किमान एक अधिक अंक राखून ठेवल्यास पूर्णांकनाच्या त्रुटी साचत नाहीत.

## गणितक्रियांचे नियम

### गुणाकार व भागाकार

उत्तरात, घटकांपैकी ज्याच्यात सर्वांत कमी सार्थ अंक असतील, तेवढेच सार्थ अंक ठेवतात. २०११ च्या जनगणनेनुसार बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या २५,८६,२५८ आणि क्षेत्रफळ ९,६६१ चौ. किमी आहे. गणकयंत्रावर भागाकार २६७.७००९… असा येतो. क्षेत्रफळात चार सार्थ अंक असल्याने उत्तर दर चौ. किमी २६७.७ एवढेच लिहिता येते. प्रकाशित घनता २६८ अशी पूर्णांकात दिली जाते.

येथे लोकसंख्या ही मोजदादीची संख्या असली, तरी लाखो माणसांच्या मोजदादीत काही नोंदी सुटतात व काही दुबार होतात. म्हणूनच जनगणनेनंतर नमुना पाहणी करून अशा त्रुटींचा अंदाज घेतला जातो. नेमकेपणा संख्येच्या प्रकारात असला, तरी मोजण्याच्या कृतीत तो असतोच असे नाही.

### बेरीज व वजाबाकी

येथे सार्थ अंकांची संख्या न पाहता दशांश स्थाने पाहतात. ज्या संख्येत सर्वांत कमी दशांश स्थाने असतील, तेवढीच स्थाने उत्तरात ठेवतात. उदा., १.२५ किग्रॅ वजनाच्या चांदीच्या लगडीत ११.६६ ग्रॅमचे (०.०११६६ किग्रॅ) नाणे मिळवल्यास एकूण वजन १.२६१६६ किग्रॅ नव्हे, तर १.२६ किग्रॅ होते. लगडीच्या वजनातील ग्रॅमचा अंकच माहीत नाही. त्यामुळे नाण्याच्या वजनातील शतांश ग्रॅमला बेरजेत अर्थ राहत नाही.

जवळजवळ समान असलेल्या दोन संख्यांची वजाबाकी केल्यास सार्थ अंक झपाट्याने कमी होतात. ५२.३८ ग्रॅम व ५२.१७ ग्रॅम या दोन्ही नोंदींत चार सार्थ अंक आहेत, त्यांच्यातील ०.२१ ग्रॅम या फरकात मात्र दोनच उरतात. या बाबीचा व्यावहारिक परिणाम पुढे ''अध्यापन'' या विभागात दिला आहे.

### लॉगरिदम

लॉगरिदमच्या किमतीत दशांश चिन्हानंतर जेवढे अंक असतात, तेवढेच सार्थ अंक मूळ संख्येत धरले जातात. दशांश चिन्हाआधीचा भाग फक्त दहाचा घात सांगतो. सामू हे याचे नेहमीचे उदाहरण होय.

## उदाहरण : लोणार विवर

लोणार विवर बुलढाणा जिल्ह्यात, दख्खनच्या बेसाल्ट खडकात उल्कापाताने तयार झाले आहे. सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८२३ मध्ये त्याची नोंद केली. १९७९ मध्ये ते राष्ट्रीय भूवारसा स्मारक म्हणून घोषित झाले आणि २०२० मध्ये लोणार सरोवराचा रामसर पाणथळ स्थळांच्या यादीत समावेश झाला.

### व्यास व क्षेत्रफळ

१९७३ मध्ये ''सायन्स'' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासापासून विवराचा व्यास १,८३० मीटर असा दिला जातो. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या सविस्तर भूशास्त्रीय अभ्यासात तो १.८८ किमी दिला आहे. १,८३० मधील शेवटचे शून्य मोजलेले आहे की केवळ जागा भरणारे, हे लेखनावरून कळत नाही. ते सार्थ मानले, तर दहा मीटरच्या आतली परिशुद्धता सूचित होते. पण दोन आकड्यांमधला फरकच सुमारे ५० मीटर आहे.

हा फरक उपकरणांच्या दोषामुळेच आला असे म्हणता येत नाही. विवराची कड झिजलेली आहे, ती सर्वत्र सारख्या उंचीची नाही आणि विवर पूर्ण वर्तुळाकारही नाही. कड कोठे मानायची आणि कोणत्या दिशांच्या व्यासांची सरासरी घ्यायची, यावर उत्तर अवलंबून राहते. मोजायची राशीच जेथे पुरेशी निश्चित नसते, तेथे अधिक सूक्ष्म उपकरण वापरल्याने सार्थ अंक वाढत नाहीत.

विवर वर्तुळाकार मानून १.८३ किमी व्यासावरून क्षेत्रफळ काढल्यास गणकयंत्र २.६३०२१९९ चौ. किमी दाखवते, तीन सार्थ अंकांत ते २.६३ होते. १.८८ किमी व्यास घेतल्यास तेच २.७८ येते. दोन्ही मोजमापे विचारात घेता 'सुमारे २.७ चौ. किमी' हे विधान रास्त ठरते.

### स्थान

लोणार विवराचे स्थान सुमारे १९°५८′ उत्तर अक्षांश व ७६°३०′ पूर्व रेखांश असे दिले जाते. अक्षांशाचा एक मिनिट म्हणजे जमिनीवर सुमारे १.८ किमी, म्हणजे जवळजवळ विवराच्या व्यासाएवढेच अंतर. त्यामुळे विवराचे स्थान सांगण्यास मिनिटांपर्यंतची नोंद पुरते. विवराच्या कडेवरील एखादे मंदिर दाखवायचे असल्यास मात्र ती अपुरी पडते. दशांश अंशांत लिहिलेल्या अक्षांशातील अंकांचा अर्थ पुढीलप्रमाणे आहे :

* दोन दशांश स्थाने – सुमारे १.१ किमी
* तीन दशांश स्थाने – सुमारे ११० मीटर
* चार दशांश स्थाने – सुमारे ११ मीटर
* पाच दशांश स्थाने – सुमारे १.१ मीटर
* सहा दशांश स्थाने – सुमारे ११ सेंमी

मोकळ्या आकाशाखाली मोबाइल फोनमधील स्थाननिश्चिती सामान्यतः काही मीटरांपर्यंतच विश्वसनीय असते. फोनच्या पडद्यावर सहा किंवा अधिक दशांश स्थाने दिसत असली, तरी शेवटच्या अंकांना मापनाचा आधार नसतो.

### वय

विवराच्या वयाचे दोन अंदाज विशेष उल्लेखले जातात. उष्मादीप्ती पद्धतीने ते ५२,००० ± ६,००० वर्षे आले, तर २०१०–११ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या आरगॉन–आरगॉन कालमापनाने ते ५,७०,००० ± ४७,००० वर्षे आले.

पहिल्या अंदाजाची सापेक्ष अनिश्चितता सुमारे १२ टक्के आणि दुसऱ्याची सुमारे ८ टक्के आहे. म्हणजे परिशुद्धतेच्या दृष्टीने दोन्ही मापने एकाच दर्जाची आहेत. तरीही पहिल्यानुसार वय ४६,००० ते ५८,००० वर्षांच्या दरम्यान, तर दुसऱ्यानुसार ५,२३,००० ते ६,१७,००० वर्षांच्या दरम्यान येते. हे विस्तार एकमेकांना कोठेही स्पर्श करत नाहीत व मुख्य किमतींमध्ये जवळपास अकरा पट फरक आहे. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकत नाहीत.

± नंतरची संख्या त्या त्या पद्धतीच्या गृहीतकांच्या चौकटीतील अनिश्चितता सांगते. गृहीतके चुकीची असण्याची शक्यता तिच्यात येत नाही. उष्मादीप्तीचे घड्याळ नमुना नंतर पुन्हा तापल्यास नव्याने सुरू होते आणि वय कमी येते. आरगॉन पद्धतीत आघाताच्या वेळी वितळलेल्या खडकातून जुना आरगॉन पूर्णपणे बाहेर पडला नसल्यास वय जास्त येते. लोणारचा मूळ बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षे जुना असल्याने ही बाब काळजीपूर्वक तपासावी लागते. परिशुद्धता आणि अचूकता या भिन्न गोष्टी आहेत, याचे हे ठळक उदाहरण मानता येते. 'विवर ५२ हजार वर्षांपूर्वीचे आहे' असे एकच वाक्य लिहिताना अनिश्चितता व पद्धत वगळली, तर वाचकाला वाद असल्याचे कळतच नाही.

५२,००० ± ६,००० या नोंदीत अनिश्चितता हजारांच्या स्थानी आहे, म्हणून मुख्य किंमतही हजारांपर्यंतच दिली आहे. मुख्य किमतीचा शेवटचा अंक व अनिश्चिततेचा शेवटचा अंक एकाच स्थानी असावेत, असा संकेत आहे. ५२,३४७ ± ६,००० असे लेखन या संकेतात बसत नाही.

### पाण्याचा सामू

लोणार सरोवराचे पाणी खारे व तीव्र अल्कधर्मी असून त्याचा सामू १० च्या आसपास आढळतो. सामू १०.२ असल्यास हायड्रोजन आयनांची संहती लिटरमागे ६.३०९६ × १०^–११ मोल अशी गणकयंत्रावर येते. सामूच्या नोंदीत दशांश चिन्हानंतर एकच अंक असल्याने संहतीत एकच सार्थ अंक ठेवता येतो : ६ × १०^–११. हे पडताळून पाहता येते. १०.२ अशी नोंद १०.१५ ते १०.२५ मधील कोणत्याही किमतीतून होऊ शकते आणि त्या मर्यादांत संहती ७.१ × १०^–११ पासून ५.६ × १०^–११ पर्यंत बदलते. रंग बदलणारी सामू पट्टी वापरल्यास सामू पूर्णांकातच कळतो. तेव्हा संहतीचा केवळ दहाचा घात सांगता येतो.

## इतिहासातील एक दाखला

विदर्भाचा मापनाच्या इतिहासाशी जवळचा संबंध आहे. भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे प्रवर्तक विल्यम लॅम्बटन यांचे १८२३ मध्ये, सर्वेक्षणाचे काम चालू असतानाच, आजच्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे निधन झाले. याच सर्वेक्षणातून पुढे हिमालयातील 'पंधरावे शिखर' जगातील सर्वोच्च असल्याचे निष्पन्न झाले. त्या गणनेशी राधानाथ सिकदर यांचे नाव जोडलेले आहे. १८५६ मध्ये त्याची उंची २९,००२ फूट अशी जाहीर झाली.

याविषयी एक प्रसिद्ध गोष्ट सांगितली जाते. निरीक्षणांची सरासरी नेमकी २९,००० फूट आली होती. परंतु ती ढोबळ पूर्णांकित संख्या वाटेल, म्हणून सर्वेक्षणप्रमुख अँड्र्यू वॉ यांनी तिच्यात दोन फूट मिळवले. गोष्ट खरी असो वा नसो, संख्येच्या शेवटची शून्ये मोजलेली आहेत की नाहीत हे लेखनातून कळत नाही, ही अडचण तिच्यात नेमकी पकडली आहे. प्रमाण रूपातील २.९००० × १०^४ फूट या नोंदीने ती सुटली असती. भारतीय सर्वेक्षण विभागाने १९५५ मध्ये ही उंची ८,८४८ मीटर ठरवली. २०२० मध्ये नेपाळ व चीन यांनी संयुक्तपणे ती ८,८४८.८६ मीटर असल्याचे जाहीर केले.

## अध्यापन

### अभ्यासक्रमातील स्थान

बालभारतीच्या इयत्ता सातवीच्या सामान्य विज्ञान पाठ्यपुस्तकात 'भौतिक राशींचे मापन' हा पाठ आहे. सार्थ अंकांचे नियम अकरावीच्या भौतिकशास्त्रात एकके व मापन या पहिल्या प्रकरणात आणि रसायनशास्त्रात वैश्लेषिक रसायनशास्त्राच्या परिचयात येतात. कनिष्ठ महाविद्यालयांत विज्ञान शाखेचे अध्यापन बहुतांशी इंग्रजीतून होते. त्यामुळे मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांना नवी संकल्पना आणि तिची अपरिचित परिभाषा एकाच वेळी आत्मसात करावी लागते. नियम पाठ होतात, परंतु ते कशासाठी आहेत हे अस्पष्ट राहते. प्रत्यक्ष मापनापासून आरंभ केल्यास ही अडचण कमी होते.

### वर्गातील उपक्रम

एकाच वस्तूचे अनेकांकडून मापन. वर्गातील प्रत्येकाने एकाच बाकाची लांबी इतरांची नोंद न पाहता मोजावी आणि सर्व नोंदी फळ्यावर लिहाव्यात. कोणते अंक सर्वांच्या नोंदीत सारखे आहेत आणि कोणत्या स्थानापासून मतभेद सुरू होतो, हे पाहिल्यावर खात्रीचे अंक व अनिश्चित अंक यांतील फरक व्याख्येविना लक्षात येतो.

लंबकाचा आवर्तकाल. डिजिटल घड्याळ ०.०१ सेकंद दाखवते, परंतु बटण दाबण्यातील मानवी विलंब सुमारे ०.२ सेकंदांचा असतो. एकाच आंदोलनाचा काळ मोजल्यास ही त्रुटी पूर्णपणे त्यात उतरते. वीस आंदोलनांचा काळ मोजून वीसने भागल्यास तीच त्रुटी एका आंदोलनामागे सुमारे ०.०१ सेकंद होते. उपकरण न बदलता केवळ पद्धत बदलून परिशुद्धता वाढवता येते, हे यातून दिसते.

खाऱ्या पाण्यातील क्षार. अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा पसरलेला आहे व तेथील अनेक विहिरींचे पाणी खारे असते. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकानुसार विरघळलेल्या एकूण घनपदार्थांची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ५०० मिग्रॅ आणि पर्यायी स्रोत नसल्यास कमाल मर्यादा २,००० मिग्रॅ आहे. समजा, शाळेच्या प्रयोगशाळेत चिनी मातीच्या पात्रात १०० मिली पाणी आटवले. रिकाम्या पात्राचे वजन ५२.१७ ग्रॅम व क्षारांसह ५२.३८ ग्रॅम भरले. फरक ०.२१ ग्रॅम, म्हणजे लिटरला २,१०० मिग्रॅ. हे पाणी कमाल मर्यादेपेक्षा अधिक खारे आहे असे म्हणता येईल का?

तराजूच्या प्रत्येक वाचनात ०.०१ ग्रॅमची अनिश्चितता धरल्यास फरकात ती ०.०२ ग्रॅमपर्यंत जाऊ शकते. म्हणून निष्कर्ष लिटरला २,१०० ± २०० मिग्रॅ असा होतो. खरी किंमत १,९०० असू शकते किंवा २,३०० असू शकते. या प्रयोगावरून निर्णय देता येत नाही. तेच एक लिटर पाणी टप्प्याटप्प्याने आटवून २.११ ग्रॅम क्षार मिळाल्यास निष्कर्ष २,११० ± २० मिग्रॅ होतो आणि मर्यादा ओलांडल्याचे म्हणता येते. तराजू तोच असतो; पाण्याचे आकारमान दहापट केल्याने एक सार्थ अंक वाढतो.

हा निष्कर्षही पद्धतशीर त्रुटींपासून मुक्त नसतो. उकळताना थेंब बाहेर उडाल्यास किंवा बायकार्बोनेटांचे विघटन झाल्यास वजन कमी भरते, क्षारांत ओलावा राहिल्यास जास्त भरते. म्हणून शाळेतील असा प्रयोग मापन शिकण्यासाठी योग्य असला, तरी पाणी पिण्यास योग्य आहे की नाही हे मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडूनच ठरवून घ्यावे लागते.

पर्जन्यमापन व उंबरठ्याची संख्या. महाराष्ट्रात महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिमीपेक्षा अधिक पाऊस झाल्यास अतिवृष्टी मानण्याचा निकष पिकांच्या नुकसानीसंदर्भात वापरला जातो. पर्जन्यमापकावर ६५.३ मिमी अशी नोंद असेल आणि ती पूर्णांकित करून ६५ लिहिली, तर मूळ नोंद निकषात बसते आणि पूर्णांकित नोंद बसत नाही. जेथे एखाद्या संख्येवर निर्णय अवलंबून असतो, तेथे तुलना पूर्णांकनाआधी करायची की नंतर, हे आधीच ठरलेले असणे आवश्यक असते. सार्थ अंक हा केवळ परीक्षेतील गुणांचा प्रश्न नाही, हे विद्यार्थ्यांना अशा उदाहरणांतून समजते.

### नेहमीच्या चुका

* गणकयंत्रावरील सर्व अंक प्रयोगवहीत उतरवणे.
* मोजून मिळालेले शेवटचे शून्य गाळणे; उदा., व्हर्निअरवरील २.५० सेंमी हे वाचन २.५ सेंमी असे लिहिणे.
* सार्थ अंकांची संख्या आणि दशांश स्थानांची संख्या एकच मानणे.
* बेरजेला गुणाकाराचा नियम लावणे.
* प्रत्येक पायरीवर पूर्णांकन करणे.
* अधिक दशांश स्थाने म्हणजे अधिक खरे उत्तर असे समजणे.

शेवटचा अंक अंदाजाने वाचण्याबाबत दोन रीती प्रचलित आहेत. काही ठिकाणी मीटरपट्टीवर दोन रेघांमधील भाग नजरेने अंदाजून एक अधिक अंक नोंदवतात. काही ठिकाणी लघुतम मापापर्यंतच नोंद करतात. दोन्ही रीती ग्राह्य आहेत, मात्र एका प्रयोगात एकच पाळावी आणि तिचा उल्लेख करावा.

## मर्यादा

सार्थ अंकांचे नियम हे अनिश्चितता मांडण्याचे ढोबळ साधन आहे. ९.९ मध्ये दोन आणि १०.१ मध्ये तीन सार्थ अंक आहेत. शेवटच्या अंकात एकाचा फरक धरल्यास दोन्हींची सापेक्ष अनिश्चितता मात्र सुमारे एक टक्काच आहे. त्यामुळे गुणाकाराचा नियम काही वेळा उपयुक्त माहिती गमावतो, तर काही वेळा आधार नसलेला अंक ठेवतो. संशोधनात म्हणून किंमत, अनिश्चितता आणि मापनाची पद्धत या तिन्ही गोष्टी स्वतंत्रपणे देतात व गणनेत अनिश्चितता कशी पुढे जाते हे सूत्रांनी काढतात. शालेय स्तरावर सार्थ अंकांचे नियम त्या पद्धतीची पूर्वतयारी म्हणून उपयोगी पडतात.

## हेही पहा

* मापन
* लघुतम माप
* व्हर्निअर कॅलिपर
* लोणार सरोवर
* खारपाणपट्टा
* सामू